धरणारं आणि तारणारं

आईच्या रिपोर्टमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाच्या ओळीत काहीच ठळक छापलेलं नव्हतं. पॅथॉलॉजी लॅबवाल्यांची रीत आता आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे: मर्यादेबाहेरचा आकडा जाड ठशात, शेजारी वर किंवा खाली जाणारा बाण. आपण कागद हातात आला की आधी बाण शोधतो, बाकीचं वाचतही नाही. ही ओळ बिनबाणाची होती. आकडा खालच्या मर्यादेच्या जरासा वर, पण आत. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकणार तेवढ्यात डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क टेबलाच्या कडेवर हलकेच आपटला आणि त्याचा दांडा आईच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "काकू, थरथर जाणवतेय?" "जाणवतेय की." "थांबली की सांगा हं." आई डोळे मिटून बसली. पाच-सहा सेकंदांनी म्हणाली, "थांबली." डॉक्टरांनी तोच फोर्क उचलून माझ्या मनगटावर ठेवला. थांबली कुठची, चांगली गुणगुणत होती. बी-१२ कमी पडलं की पायाच्या नसा अशाच मंदावतात.

डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. रिपोर्ट परत मागून घेतला, त्या बिनबाणाच्या ओळीवर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "रक्तात आहे हो, पण पोचतंय का ते बघू." मग आणखी एक तपासणी लिहून दिली, होलोट्रान्सकोबालामिन, जिचं नाव चिठ्ठीच्या एका ओळीत मावेना म्हणून शेवटची अक्षरं वर वळवून लिहिली होती. मी विचारलं, रक्तात आहे आणि पोचत नाही, म्हणजे मग आहे कुठे? "बरंचसं हॅप्टोकोरिनकडे असतं," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

हॅप्टोकोरिन. रिक्षात बसल्यावरही तो शब्द डोक्यातून जाईना.

माझा धंदाच शब्दांचा. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातले ऱ्हस्वदीर्घ आणि अनुस्वार तपासायचे, त्यामुळे अनोळखी शब्द दिसला की तो आधी मनातल्या मनात फोडून बघायची खोड जडली आहे. 'हॅप्टो' कुठेतरी पाहिलेलं होतं. ते सापडलं ते थेट खिशात: फोनच्या सेटिंगमध्ये 'हॅप्टिक' नावाचं एक बटण असतं, कीबोर्डवर बोट टेकलं की फोन किंचित थरारतो तो प्रकार. दोन्हींचं मूळ एकच, ग्रीक 'हाप्टेइन'. त्याचा अर्थ बांधणं, जोडणं, धरणं; आणि त्याच क्रियापदाच्या दुसऱ्या रूपात स्पर्श करणं. स्पर्श आणि धरून ठेवणं यांत ग्रीकांनी भिंत घातलेली नाही, आणि त्यापायी अभ्यासकांचा एक जुना वाद अजून धुमसतो आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर येशू मरीया मग्दालियेला जे म्हणतो ते ग्रीकमध्ये 'मे मू हाप्टू' असं आहे. शतकानुशतकं त्याचा अर्थ 'मला शिवू नकोस' असा लावला गेला, चित्रकारांनी त्याच अर्थाने चित्रं काढली. पुष्कळ अभ्यासक म्हणतात की तिथे 'मला असं धरून ठेवू नकोस' हाच अर्थ जास्त बसतो. गंमत म्हणजे मराठीतही 'शिवणं' हे हात लावणंही आहे आणि टाके घालून जोडणंही. आपल्या दोन्ही शिवण्यांची मुळं वेगवेगळी, हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडला.

त्याच हाप्टेइनची एक लेक मेंदूत राहते. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेला आपण सायनॅप्स म्हणतो. 'सिन' म्हणजे एकत्र, पुढे हाप्टेइन. हे नाव १८९७ साली चार्ल्स शेरिंग्टन यांच्या लेखनातून रुळलं, पण सुचवलं होतं केंब्रिजच्या व्हेराल नावाच्या विद्वानांनी, जे युरिपिडीजच्या नाटकांचे जाणकार होते, शरीरशास्त्राशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. शेरिंग्टन यांच्या मनात दुसरंच नाव होतं, ते मागे पडलं. पुढे कळलं की बहुतेक सायनॅप्समध्ये दोन पेशी एकमेकींना टेकतसुद्धा नाहीत, मधे सूक्ष्म फट असते. घट्ट धरण्याचं नाव आणि आत फट! तरी ते कुणी बदललं नाही. शास्त्रातली नावं एकदा चिकटली की निघत नाहीत, हे मला पुढे या हॅप्टोकोरिनच्या घराण्यात पुन्हापुन्हा दिसायचं होतं.

उरलं 'कोरिन'. बी-१२ मध्ये कोबाल्ट असतो हे अनेकांना माहीत असतं, त्यामुळे कोरिनमधला 'को' कोबाल्टचाच असं सहज वाटतं. रसायनशास्त्रातली नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने मात्र आपल्या नियमांमध्ये मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे की तसं नाही. कोरिन हे बी-१२ च्या रेणूचा गाभा, इंग्रजीतला 'कोअर', म्हणून कोरिन. ज्यांनी त्या कड्याची रचना उलगडली त्यांनीच हे नाव सुचवलं. नियमांच्या रुक्ष पुस्तकात एवढा खुलासा करावासा वाटला, म्हणजे तो गैरसमज किती पसरला असेल.

ही रचना उलगडायला ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांना आठेक वर्षं लागली. १९४८ साली बी-१२ दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी वेगळं काढलं गेलं, अमेरिकेत मर्क कंपनीत कार्ल फोकर्स यांच्या गटाने आणि इंग्लंडात ग्लॅक्सोमध्ये लेस्टर स्मिथ यांनी. ग्लॅक्सोकडून आलेल्या लाल स्फटिकांवर हॉजकिन यांनी क्षकिरण सोडले, फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायला घेतल्या. त्या काळात संगणक नुकते डोळे उघडत होते. कॅलिफोर्नियातल्या एका यंत्रावर गणितं करून घ्यायची, आणि आकडे पत्राने अटलांटिकपार मागवायचे. १९५६ पर्यंत चित्र उभं राहिलं. रक्तातल्या हीममध्ये किंवा पानातल्या हरितद्रव्यात जसं चार कड्यांचं एक मोठं कडं असतं, तसंच इथे असेल अशी अटकळ होती. तसं होतं, पण एक सांधा कमी. चार लहान कड्यांना जोडणारे चार पूल हवेत, तर इथे तीनच. चौथ्या ठिकाणी दोन कडी एकमेकांना थेट भिडलेली. तेच कोरिन. १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल हॉजकिन यांना मिळालं.

आणि कोबाल्ट. तो कोरिनच्या बरोब्बर मध्यभागी बसलेला असतो, आणि त्याचं नाव म्हणजे शुद्ध शिवी आहे. जर्मनीतल्या सॅक्सनी भागातल्या खाणींमध्ये एक खनिज निघायचं. दिसायला चांदीचं वाटे, पण भट्टीत घातलं की चांदी नाहीच, वर सोमलाची विषारी वाफ. खाणकाम करणारे म्हणत, हे कोबोल्डांचं काम. कोबोल्ड म्हणजे जमिनीखाली राहणारी खट्याळ भुतावळ. १७३० च्या दशकात स्टॉकहोमच्या गेऑर्ग ब्रांट यांनी त्या खनिजातला धातू ओळखला, आणि भुताचं नाव धातूला कायमचं लागलं. निकेलचीही गोष्ट अशीच, त्यातही एक पिशाच्च आहे. पण तिकडे वळले तर लेख हातचा जाईल.

मला खरी मौज वाटली ती रंगांची. कोबाल्ट म्हटलं की निळा. काचेतला, चिनी मातीच्या भांड्यांवरचा तो गर्द निळा. बी-१२ चं रासायनिक नाव कोबालामिन, आणि त्याच्या औषधातल्या रूपाचं सायनोकोबालामिन; त्यातला 'सायनो' तोही ग्रीक 'क्यानोस'वरून, म्हणजे गडद निळा. सायनाइड हे नावच प्रशियन ब्लू या रंगामुळे पडलेलं. नावात दोनदा निळा असलेला हा पदार्थ प्रत्यक्षात आहे लालबुंद. पुढे आईला इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा तपकिरी काचेच्या छोट्या ॲम्प्युलची मान मोडून नर्सने औषध सिरिंजमध्ये ओढलं, आणि नळीत तो रंग वर चढत गेला: स्वच्छ, आरपार दिसणारा, तरी इतका भडक की आई मान वळवून बघतच राहिली. एरवी ती सुई टोचेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते.

नावांच्या या वंशावळीत मला सगळ्यात प्रिय माणूस म्हणजे बॉस्टनचे विल्यम कॅसल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत 'पर्निशस ॲनिमिया' हा रक्तक्षयाचा प्रकार म्हणजे मरणाचीच चिठ्ठी होती. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी यांनी दाखवलं की अशा रोग्यांना रोज भरपूर कलेजी खाऊ घातली तर ते सुधारतात. (रोज पाव किलोच्या घरात, अर्धीकच्ची. उपचार की शिक्षा हे रोग्यांनाच विचारायला हवं होतं.) कॅसल यांना प्रश्न पडला, इतरांना एवढी कलेजी खावी लागत नाही ती का? निरोगी माणसाच्या पोटात असं काय आहे जे या रोग्यांकडे नाही? त्यांनी सकाळी स्वतः ३०० ग्रॅम कमी शिजवलेलं गोमांस खाल्लं, तासाभराने ते पोटातून परत बाहेर काढलं, आणि नळीवाटे रोग्यांना दिलं. रोग्यांचं रक्त सुधारू लागलं. नुसतं मांस देऊन काही होत नव्हतं, नुसता जठररस देऊनही नाही. दोन्ही एकत्र लागत. मांसातल्या अज्ञात वस्तूला त्यांनी बाहेरचा घटक म्हटलं, एक्स्ट्रिन्सिक फॅक्टर; पोटातल्या अज्ञात वस्तूला आतला घटक, इंट्रिन्सिक फॅक्टर.

आपल्याकडे 'बाहेरचं' म्हटलं की अंगारा आणि भगत आठवतो. इथे बाहेरचं निघालं ते बी-१२, ज्याच्या पोटात खरोखरच एका भुताचं नाव होतं.

बाहेरचा घटक सापडला आणि ते नाव मावळलं. आतला घटकही पुढे सापडला, ते एक प्रथिन आहे, जठराच्या पेशी ते बनवतात, हे सगळं कळलं, तरी त्याला आजही इंट्रिन्सिक फॅक्टरच म्हणतात. काहीच माहीत नव्हतं तेव्हाचं नाव, सगळं माहीत झाल्यावरही. मला यात चूक दिसत नाही. उलट असं नाव ज्या वेळी पडलं त्या वेळचं अज्ञान जपून ठेवतं. पण जठररसात बी-१२ ला धरणारी आणखी एक वस्तू होती. विजेच्या दाबाखाली प्रथिनांना पळवून वेगळं करायची जी पद्धत असते, तीत इंट्रिन्सिक फॅक्टर मागे रेंगाळायचा आणि हे दुसरं झपाट्याने पुढे निघून जायचं. म्हणून त्याला नाव मिळालं आर, 'रॅपिड'मधला. आर-बाइंडर. पुढे हे आर लाळेत सापडलं, दुधात, अश्रूंत, पांढऱ्या पेशींत. प्रत्येक ठिकाणी नवा संशोधक, नवी प्रयोगशाळा.

रक्ताचा अभ्यास करणाऱ्यांनी तोवर वेगळीच मोजणी सुरू केली होती. १९६० च्या दशकात त्यांना रक्तद्रवात बी-१२ वाहणारी प्रथिनं दिसली. त्यांना ट्रान्सकोबालामिन १ आणि २ म्हटलं गेलं, मग ३ सुद्धा आलं. नंतर उलगडा झाला की १ आणि ३ हे एकच प्रथिन, फक्त त्यावर चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या वेगळ्या. आणि ते म्हणजेच लाळेतलं, दुधातलं आर. म्हणजे एकाच प्रथिनाला तीन-चार नावं, आणि त्यातलं सगळ्यात रुबाबदार नाव, ट्रान्सकोबालामिन, त्याच्या कामाबद्दल धादांत भलतंच सांगणारं. कारण 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, आरपार. हा लॅटिन 'ट्रान्स' आणि संस्कृत 'तिरस्' एकाच घरचे, आणि त्याच घरात 'तृ' धातू. तरणं, तारणं, तीर, तीर्थ, उतारू, तारू, सगळी मंडळी तिथलीच. ट्रान्सकोबालामिन म्हणजे कोबालामिनला पैलतीरी नेणारं. हे नाव शोभतं ते दोन नंबरच्या प्रथिनाला. एक आणि तीन नंबर कुणालाच कुठे नेत नाही. ते फक्त धरून बसतं. म्हणून नवं नाव आलं, हॅप्टोकोरिन: कोरिनला धरणारं. त्यात नेण्याचा दावाच नाही.

आता डॉक्टरांचं ते 'पोचतंय का' वाक्य. आईने दुपारी वाटीभर दही खाल्लं असं समजू. त्यातलं बी-१२ दुधातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पाचकरस ते सोडवतात, आणि सुटल्यासुटल्या त्याला हॅप्टोकोरिन पकडतं, जे लाळेबरोबर गिळलं गेलेलं असतं. म्हणजे तोंडाला पाणी सुटतं त्या पाण्यातच हे धरणारं तयार असतं. आम्लात त्याची पकड इंट्रिन्सिक फॅक्टरपेक्षा मजबूत. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचे रस येऊन हॅप्टोकोरिन कुरतडून टाकतात, तेव्हा कुठे बी-१२ इंट्रिन्सिक फॅक्टरच्या हाती येतं. ही जोडी मग लहान आतड्याच्या पार शेवटच्या टप्प्यापर्यंत जाते. तिथे तिला ओळखून आत घेणारे ग्राहक असतात. आतड्याच्या पेशीतून पलीकडे रक्तात उतरताना बी-१२ ट्रान्सकोबालामिनला जोडलेलं असतं. घास गिळल्यापासून इथपर्यंत तीन-चार तास गेलेले असतात. ट्रान्सकोबालामिन आपलं ओझं शरीरभरच्या पेशींना फार वेळ न दवडता, तासा-दोन तासांत पोचवून मोकळं होतं. रक्तात जे हॅप्टोकोरिन असतं ते मात्र आपल्याकडचं बी-१२ दिवसच्या दिवस घेऊन फिरतं, आणि बहुतेक पेशींकडे ते उतरवून घ्यायची सोयच नाही, फक्त यकृताकडे आहे. परिणाम असा की कुठल्याही क्षणी नमुना काढला तरी त्यातलं सुमारे ७० ते ८० टक्के बी-१२ धरणाऱ्याकडे आणि उरलेलं तारणाऱ्याकडे. नेहमीची तपासणी दोघांची बेरीज सांगते. आईची बेरीज ठीक होती.

यातलं कोण खरोखर कामाचं, हे निसर्गाने दोन क्रूर प्रयोगांतून दाखवलं आहे. काही बाळं जन्मतःच ट्रान्सकोबालामिनविना येतात. १९७१ मध्ये अशा दोन भावंडांची पहिली नोंद झाली. पहिल्या काही आठवड्यांतच रक्त खालावतं, बाळ अंग धरत नाही, संसर्ग पाठ सोडत नाहीत. आणि रक्तातल्या बी-१२ चा आकडा बघावा तर बहुधा अगदी व्यवस्थित. तो सगळा हॅप्टोकोरिनकडचा. वेळेवर ओळखलं तर भरमसाट मात्रेत बी-१२ टोचून मूल वाचवता येतं, कारण एवढं ओतल्यावर थोडंफार आपलं आपण झिरपत पेशींत शिरतं. याच्या उलट काही माणसांत हॅप्टोकोरिनच नसतं. त्यांचा आकडा तळाला, रिपोर्टवर जाड ठसा, बाण, सगळा थाट. आणि माणूस साधारणपणे ठणठणीत. तिसरी गोष्ट रक्ताच्या कर्करोगाची: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यांच्यातून हॅप्टोकोरिन भसाभसा बाहेर पडतं, आणि बी-१२ चा आकडा आभाळाला भिडतो. त्याचा पोषणाशी काही संबंध नसतो.

आईची दुसरी तपासणी कमी निघाली. हे कळल्यावर मला वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही, उलट एक प्रकारचं हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची मग थोडी लाजही. वर्षभर ती सांगत होती की पायाखाली सतरंजीची घडी असल्यासारखं वाटतं, रात्री तळव्यांना मुंग्या येतात, आणि आम्ही सगळे 'वय झालं' म्हणून मान डोलवत होतो. आता कागदावर काहीतरी होतं. कारणंही समोर होती: मधुमेहाची मेटफॉर्मिन कित्येक वर्षं सुरू, आणि ताटात मांसमच्छी नाही, बी-१२ चा आधार म्हणजे काय तो चहातल्या दुधाचा आणि दुपारच्या दह्याचा. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. फक्त जिवाणू आणि त्यांचे काही आदिम भाऊबंद बनवतात. माणसाला लागतं दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि यकृतात साठा काही मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे वर्षानुवर्षं पुरेल एवढा. म्हणूनच ते संपताना आवाज होत नाही.

त्या दुसऱ्या रिपोर्टवर तपासणीचं व्यवहारातलं नाव होतं 'ॲक्टिव्ह बी-१२'. हे नाव मला पसंत नाही. हॅप्टोकोरिनकडचं बी-१२ काही झोपलेलं नसतं, रेणू तोच, कोबाल्ट तोच. फरक फक्त ते कुणाच्या हातात आहे याचा. त्यापेक्षा चिठ्ठीच्या ओळीत न मावणारं होलोट्रान्सकोबालामिन प्रामाणिक: 'होलो' म्हणजे पूर्ण, भरलेलं. ओझ्यासकट असलेलं ट्रान्सकोबालामिन. नाव लांब असलं तरी फसवत नाही.

या सगळ्या वाचनात मुंबई-पुणं वाटेत येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या त्या गरोदरपणातल्या एका विचित्र ॲनिमियाचा शोध घ्यायला. गिरण्यांत काम करणाऱ्या बायांत तो फार होता. दिसायला थेट पर्निशस ॲनिमियासारखा, पण यकृताचा शुद्ध केलेला अर्क देऊन काही होईना. यीस्टपासून केलेलं मार्माइट दिल्यावर मात्र बाया उठून बसल्या. म्हणजे कलेजीतल्या त्या घटकाहून निराळं असं काहीतरी होतं. काही काळ त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये पालकातून एक आम्ल वेगळं केलं गेलं, लॅटिनमधल्या 'फोलियम'वरून, म्हणजे पानावरून, त्याचं फोलिक ॲसिड झालं, आणि बाईंचं नाव पानाआड गेलं. पुण्याची गोष्ट अलीकडची. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेत आहेत. गरोदरपणी निम्म्याहून अधिक बायांचं बी-१२ कमी होतं. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की ज्या आयांचं बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. आपल्या सरकारी दवाखान्यांत गरोदर बाईच्या हातावर लोह-फोलिकची गोळी पडतेच. बी-१२ ची पडत नाही. हे वाचताना मला आईच्या पिढीतल्या, डोहाळजेवणाच्या फोटोतल्या सगळ्या बाया आठवल्या.

माझ्या एका मैत्रिणीला मी हे सगळं उत्साहाने ऐकवलं, तर ती म्हणाली, "एवढं कशाला? स्पिरुलिना घे म्हणावं आईंना, डब्यावर बी-१२ लिहिलेलं असतं." ती स्वतः गेली काही वर्षं घेते. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, पण त्या डब्याचं उत्तर नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बहुतेक खोटं बी-१२, स्यूडोकोबालामिन. कोरिनचं कडं तेच, मध्ये कोबाल्ट तोच, फक्त खालच्या बाजूचा एक तुकडा वेगळा, आणि तेवढ्याने माणसाच्या शरीरात ते निरुपयोगी. असे तोतये जिवाणूंच्या कृपेने आपल्या आतड्यांतही कितीतरी असतात. इंट्रिन्सिक फॅक्टर निवडक आहे, तो सहसा खऱ्यालाच धरतो. ट्रान्सकोबालामिनही चोखंदळ. हॅप्टोकोरिन भेदभाव करत नाही. कोरिनचं कडं दिसलं की धरतं, खरं असो की तोतया. म्हणून ते हॅप्टोकोबालामिन नाही, हॅप्टोकोरिन आहे. आणि बहुधा तेच त्याचं काम असावं: रक्तात भटकणारे तोतये पकडून यकृताकडे न्यायचे, तिथून पित्तावाटे बाहेर. पक्कं कुणी सांगत नाही. ज्यांच्यात ते नाही ती माणसं ठणठणीत फिरत असल्यामुळे त्याची गरज काय हे सिद्ध करणं अवघडच. पण नाव ठेवणाऱ्याने दोन्ही तुकडे नेमके निवडले होते. पहिला सांगतो की हे नेत नाही, धरतं. दुसरा सांगतो की कुणाला.

मैत्रिणीला मी हे फोनवर सांगितलं. डबा संपेपर्यंत घेणार म्हणाली, महागाचा आहे.

जनुकांच्या यादीत मात्र अजून जुनाच कारभार आहे. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या जनुकाचं चिन्ह मध्यंतरी बदललं, जीआयएफ होतं ते सीबीएलआयएफ झालं. अकराव्या गुणसूत्रावर हॅप्टोकोरिन बनवणारं जे जनुक आहे, त्याच्या माथी मात्र टीसीएन-१ असंच लिहिलेलं आहे, म्हणजे ट्रान्सकोबालामिन १. जमीन कसणारा कधीचा बदलला तरी सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असावं तसं. मला हे कळलं ते शोधयंत्रात 'हॅप्टोकोरिन जनुक' टाकून हाती फारसं काही लागेना तेव्हा. टीसीएन-१ टाकलं, आणि कागदपत्रांचा ढीग समोर आला.